सहकुटुंब पायगाडीची यात्रा

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब सायकलींवरून भाईंदरहून केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंत गेलो, ही वार्ता शाळेत पसरल्यापासून विद्यार्थी व त्यांचे पालक आम्हांस दोनच प्रश्न विचारीत आहेत. विद्यार्थी विचारतात, ‘सर, एवढे अंतर लहान मुलांना घेऊन कापले कसे?’ आणि पालक विचारतात, ‘सर, प्रभूची सेवाच करावयाची तर आगगाडीने जाऊन होत नव्हती काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून दुसरा आधी घेतो.

शुभवर्तमान हे मुळात वाटेवरचे आहे. प्रभूने सत्तर जणांना गावोगाव धाडले तेव्हा त्यांना थैली व झोळी बरोबर घेऊ दिली नाही, आणि ज्या घरी उतराल तेथे पुढे वाढलेले अन्न खा अशी आज्ञा केली. ही आज्ञा आपण पुष्कळदा वाचतो, परंतु तिचा एक परिणाम सहसा ध्यानात घेत नाही. ज्याच्यापाशी शिदोरी नाही त्याला दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागते. तो देणारा म्हणून गावात शिरत नाही, घेणारा म्हणून शिरतो. पौलाबरोबर करिंथात तंबू शिवणारी अक्विल्ला व प्रिस्किल्ला ही नवराबायको रोमहून निघून करिंथ व इफिस अशी गावे बदलीत गेली, आणि पौलाच्याच पत्रावरून दिसते की केफा आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरत असे. तेव्हा कुटुंबासह वाट चालणे हे काही आमच्या डोक्यातले नवे खूळ नव्हे.

आमच्या महाराष्ट्रात ह्या वाटचालीची किंमत फार लवकर मोजली गेली. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले, व १८२६ च्या मार्चात नाशिक-त्र्यंबकाकडे गेले असता तेथे पटकीची साथ चाललेली त्यांना आढळली. जवळची औषधे वाटून ते परत फिरले आणि वाटेतच त्याच रोगाने २० मार्च रोजी वारले. पुढे अहमदनगर, सोलापूर ह्या बाजूंस मिशनरी व देशी उपदेशक ह्यांचे हिवाळी दौरे सुरू झाले. पावसाळा सरला की बैलगाड्यांवर तंबू, भांडी व पुस्तके चढवावयाची, कित्येकदा बायकामुलेही बरोबर घ्यावयाची, आणि एका गावाबाहेर आमराईत मुक्काम करून भोवतालची गावे हिंडावयाची असा तो क्रम असे. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नसतो. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर ओळख होई.

मग पायगाडी आली. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली ह्यांनी दोन सारख्या चाकांची व मागल्या चाकाला साखळी जोडलेली सायकल बाजारात आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉप ह्यांनी हवेची धाव बसविली. तेव्हापासून आजवर ह्या यंत्राचा सांगाडा मुळात तोच आहे. तिची खरी थोरवी अशी की चालण्याला जेवढे श्रम लागतात तेवढ्याच श्रमांत सपाट रस्त्यावर माणूस तिप्पट-चौपट अंतर जातो, आणि तरीही हाक ऐकू येईल, थांबता येईल, उतरून नमस्कार करता येईल इतकाच तिचा वेग राहतो. खेड्यापाड्यांतील शिक्षकांनी व उपदेशकांनी ती जवळ केली ती ह्याच कारणासाठी.

परंतु ह्या वाहनात एक मोठी उणीव आहे. ते एकट्याचे वाहन आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चात मुंबईस परतले. हा पराक्रम प्रत्येक मुलाने वाचावा असा आहे. पण ते सारे तरणेबांड गडी होते. अमेरिकेचे डॉक्टर वर्कमन व त्यांच्या पत्नी फॅनी बुलक वर्कमन हे जोडपे १८९७ पासून हिंदुस्थान व आसपासच्या देशांत सायकलींवरून हिंडले. त्यांच्या १९०४ च्या ग्रंथाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. त्यांची मुलगी मात्र दूर विलायतेत शाळेत होती.

आणि चार्ल्स स्टड! आमच्या क्रिकेटवेड्या विद्यार्थ्यांनी हे नाव ऐकलेले असेल. १८८२ च्या ज्या ओव्हल सामन्यावरून ‘ॲशेस’ची कथा निघाली त्यात तो इंग्लंडकडून खेळला होता. क्रिकेट व वडिलार्जित संपत्ती ह्या दोहोंवर पाणी सोडून तो मिशनरी झाला. प्रथम तो चीनला गेला, नंतर काही वर्षे पत्नी व चार मुलींसह आपल्या उटकमंडास राहिला, आणि १९१३ साली पन्नाशी उलटल्यावर एका तरुण सोबत्याला घेऊन काँगोच्या अरण्यात शिरला. त्या प्रवासात हे दोघे सायकलींवर होते. आजारी पत्नी इंग्लंडात राहिली. अखेरच्या तेरा वर्षांत त्या दोघांची भेट एकदाच, १९२८ साली, जेमतेम पंधरवड्यापुरती झाली, आणि पुढल्याच वर्षी ती साध्वी निवर्तली. स्टडच्या निष्ठेविषयी आम्हांस अपार आदर आहे. तरी हे चरित्र वाचताना आमचे मन प्रत्येक वेळी त्या इंग्लंडातल्या घराशी अडखळते, हे आम्ही लपवीत नाही.

म्हणजे घरच्यांना मागे ठेवले तर ही किंमत. बरोबर घेतले तर कोणती? ह्याचे उत्तर आम्हांस पंडिता रमाबाईंच्या बालपणात सापडते, आणि म्हणूनच आम्ही केडगावची वाट धरली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. आपल्या पत्नीला त्यांनी संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करून ते गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिले. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. आश्रम मोडला तेव्हा तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून रानातून खाली आणले, आणि तेव्हापासून आईबाप, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास व रमा असे हे कुटुंब तीर्थाटन करीत पायीच हिंडू लागले. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण वाचावयाचे आणि लोक श्रद्धेने जे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा, ही त्यांची वृत्ती. आईने चालता चालता रमेला संस्कृत शिकविले. जी विद्वत्ता पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्यांनी गौरविली ती अशी वाटेवर कमावलेली आहे. धर्मासाठी सहकुटुंब केलेल्या प्रवासाचे ह्याहून उज्ज्वल फळ आम्हांस ठाऊक नाही.

पण ह्याच प्रवासाची दुसरी बाजूही रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोण येणार? भीक मागण्याची लाज आणि अंगमेहनतीची सवय नाही, अशा कोंडीत ते कुटुंब सापडले. झाडपाला व रानफळे खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई, आणि थोड्याच महिन्यांत बहीण. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ व चौथी रमा. उंची कमी पडल्यामुळे तिला आपला भार खांद्यावर घेता येईना, तो डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतरही बहीणभाऊ चालत राहिले. एकंदर सुमारे चार हजार मैल त्यांनी पायी तुडवले आणि १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली.

हा प्रसंग वाचून आम्ही एवढे निश्चित केले की ज्या यात्रेत वडिलांचे व्रत मोठे आणि लेकरांची भूक लहान ठरते ती यात्रा आमच्याकडून न घडो. ही अनंतशास्त्र्यांवर टीका नव्हे. त्यांच्याइतकी ज्ञाननिष्ठा आमच्यापाशी नाही. रमाबाईंनी तरी ह्या आठवणीचे काय केले ते पाहावे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी शारदा सदन काढले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. त्या मुलींसाठी केडगावास जे घर उभे राहिले त्यात शिक्षणाबरोबर हातांचे उद्योग होते. पुढे रमाबाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतरही तेथल्याच छापखान्यात छापून निघाले. मेहनतीची लाज वाटू नये, हे त्या उपाशी वाटेवर शिकल्या होत्या.

आता आमची यात्रा. आम्ही, मुलांची आई, नववीतला मुलगा व पाचवीतली मुलगी असे चौघे, चार सायकली, आणि भाईंदर ते केडगाव सुमारे अडीचशे किलोमीटर. निघण्यापूर्वी तीन महिने आम्ही दर शनिवारी सराव केला. प्रथम मिठागरांच्या बाजूने उत्तन-डोंगरीपर्यंत, जेथे परातींवर सुकणाऱ्या बोंबलांच्या वासात मुलीने ‘अजून किती?’ असे अकरा वेळा विचारले. नंतर भाईंदरहून वसईला. २०२४ साली सुरू झालेल्या रो-रो बोटीत सायकली चढवून खाडी ओलांडता येते, आणि पलीकडे उतरताच वसईचा किल्ला लागतो. संत गोन्सालो गार्सिया ह्याच वसईचे. १५९७ साली जपानातील नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. मुलांना त्या दिवशी इतिहासापेक्षा किल्ल्याबाहेरच्या शहाळ्यांचे अगत्य अधिक होते.

ह्या सरावात जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना उपयोगी पडेल. कुटुंबाचा वेग म्हणजे सर्वांत लहान प्रवाशाचा वेग. मोठा माणूस तासाला पंधरा-वीस किलोमीटर जाऊ शकतो. दहा वर्षांची मुलगी दहाच्या पुढे फार वेळ टिकत नाही. म्हणून दिवसाला चाळीस-पन्नास, अगदी साठ किलोमीटर ही मर्यादा. ओझे उंच बांधू नये, चाकाच्या दोहों बाजूंस खाली टांगावे, म्हणजे तोल जात नाही. बैठक इतकी उंच असावी की पायटा तळाशी आला असता गुडघा किंचितच वाकलेला राहावा. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी खुजा बैठकीमुळे असतात. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा साखळीला फार लवकर गंज आणते, तेव्हा आठवड्याला तेल हवेच. रांगेत पुढे मुलांची आई, मध्ये मुले, शेवटी आम्ही. हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर. घोडबंदर रस्त्यावर मोठाल्या ट्रकांची वर्दळ असते, म्हणून तो टप्पा पहाट फुटताच दिवे लावून आटोपला.

सेवेचे काय? आम्ही बरोबर व्याख्याने घेतली नव्हती. पंक्चर काढण्याचे सामान घेतले होते. ही कल्पना मुलाची. पौल तंबू शिवीत असे, आपण पंक्चर काढू, असे तो म्हणाला, आणि आम्हांस त्यावर काही बोलता येईना. मुक्कामाच्या गावी संध्याकाळी शाळेच्या किंवा देवळाच्या समोर घमेल्यात पाणी घेऊन बसावयाचे व येईल त्या मुलाची सायकल फुकट नीट करून द्यावयाची. पट्टीने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढावी, हवा भरून पाण्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, पॉलिश पेपरने घासून सोल्युशन लावावे. येथे बहुतेक जण घाई करतात. सोल्युशन बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबले पाहिजे, मगच ठिगळ दाबून बसवावे. आणि ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा. तो राहिला तर सारी मेहनत वाया जाते. देशावर बाभळीचे काटे विपुल असल्यामुळे आमच्या मुलास गिऱ्हाइकांची वाण पडली नाही.

सोल्युशन वाळेपर्यंतची ती चार-पाच मिनिटे, तीच आमची सेवेची वेळ. मुले विचारीत, ‘तुम्ही कोण? पैसे का घेत नाही?’ मग आम्ही सांगत असू. कोणी न विचारल्यास आम्हीही बोलत नसू. ह्यावर एका पालकांनी काळजीने पृच्छा केली की हे कायद्यात बसते काय. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की ह्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आम्हांस ही मर्यादा जाचत नाही. विचारल्यावर उत्तर देणाऱ्याला तिची अडचण कधी पडावयाची?

पहिला मुक्काम पनवेल, दुसरा खोपोली. तिसऱ्या दिवशी बोरघाट. १८३० साली खुला झालेला हा घाटरस्ता चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची ती स्मृती, अशी आख्यायिका आहे. त्या देवळाच्या अलीकडेच आमच्या मुलीने सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसून ती रडू लागली. मुलगा म्हणाला, ‘आपण सगळे अंतर सायकलनेच जायचे ठरवले होते. आता गाडीत बसलो तर ते खोटे होईल.’ खरे सांगावयाचे तर क्षणभर आमच्याही मनात हेच होते. शाळेत आम्ही सर्वांना सांगून बसलो होतो ना! तेवढ्यात मुलांची आई शांतपणे म्हणाली, ‘रमाबाईंच्या वडिलांचे तुम्ही परवा काय सांगत होता?’

आम्ही निरुत्तर झालो. भाजीचा एक रिकामा टेम्पो वर चालला होता. त्याने मायलेकींना व त्यांच्या सायकलींना लोणावळ्यापर्यंत नेले आणि भाड्याचे नाव काढले नाही. आम्ही बापलेक बहुतेक वाट सायकली ढकलीत वर गेलो. मुलगा तासभर बोलला नाही. वर पोहोचलो तेव्हा त्याची बहीण रस्त्याच्या कडेला चिक्कीचा पुडा घेऊन उभी होती, आणि त्यातला मोठा तुकडा तिने त्याच्यासाठी राखला होता.

पुण्यास रविवारची उपासना करून पुढे सोलापूर रस्त्याने निघालो. उरुळी कांचन, यवत, चौफुला. उसाच्या गाड्यांचे दिवस होते. यवतच्या पुढे एका वस्तीवर पाणी मागितले. घरधनीण म्हातारी आमच्याकडे पाहतच राहिली. ‘पोरांस्नी घिऊन सायकलीवर? गाडीला पैसं न्हाईत का?’ आम्ही म्हणालो, ‘आहेत, आजी. मुद्दाम असे निघालो.’ तिला ते मुळीच पटले नाही. तिने मुलीच्या उन्हाने तांबूस झालेल्या तोंडावरून हात फिरवला, सर्वांना ओसरीवर बसविले आणि भाकरी-पिठले वाढले. जेवण झाल्यावर तिने आपली कर्मकहाणी सांगितली, ती आम्ही येथे लिहिणार नाही. निघताना तिनेच म्हटले, ‘तुमच्या देवाला माझ्या लेकासाठी सांगा.’ आम्ही तेथेच ओसरीवर प्रार्थना केली. मोटारीतून उतरलेल्या कोणा उपदेशकाला ती म्हातारी आपले दुःख सांगती काय, ह्याविषयी आम्हांस संशय आहे. तिला आधी आमची कीव आली, म्हणून ती बोलली. आणि त्या कीवेचे कारण आम्ही नव्हे, आमची मुलगी होती.

केडगावास पोहोचलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. दुसऱ्या दिवशी तेथील आवार पाहिले. मुलीने वाटेत ठेवलेल्या वहीत हिशेब मांडला की चार हजार मैल म्हणजे सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, आणि आपण रोज चाळीस गेलो तर एकशे साठाहून अधिक दिवस लागतील. नंतर तिने स्वतःच्या अंतरातून टेम्पोतले किलोमीटर वजा केले. मुलाच्या वहीत पंक्चरांची यादी होती: एकंदर तेवीस, पैकी आपली स्वतःची सहा.

परतताना आगगाडीने आलो. सायकली पार्सलात टाकल्या. त्यांतील एकीचा मडगार्ड वाकून आला आहे, तो अजून सरळ करावयाचा आहे.